आठ वळणं खाली

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कंपनीत मैथिली फील्ड इंजिनिअर होती. डोंगरांवरच्या वायरलेस टॉवरच्या बॅटऱ्या आणि सोलर पॅनल यांची देखभाल हे कंपनीचं काम. मैथिली पुण्याची, वय बत्तीस, नवऱ्याबरोबर शारजात राहायची. सपाटीवरच्या साइट तिने दोन वर्षं केल्या होत्या. घाटमाथ्यावरची साइट ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या नावावर लागली.

त्या साइटला जायचं म्हणजे ड्रायव्हर युसुफ मुकादमच. मूळचे हर्णैचे, वय अठ्ठावन्न. एकोणतीस वर्षं अमिरातीत, त्यातली बावीस रास अल खैमाच्या मागच्या डोंगरात गाडी चालवण्यात गेलेली. ऑफिसात सगळे त्यांना युसुफचाचा म्हणायचे. चौदाशे मीटरवरच्या त्या टॉवरकडे जाणारा रस्ता म्हणजे कडा कोरून काढलेली, एक गाडी जेमतेम मावेल अशी खडकाळ वाट होती. बारा वळणं, आणि कठडा कुठेच नाही. दुसरा ड्रायव्हर अक्रम, त्याने त्या रस्त्याला साफ नकार दिला होता.

पहाटे पाचला निघताना युसुफचाचांनी पिकअप यार्डच्या गेटला घासली. आरशाचं कव्हर खरवडलं. खांब कुणीतरी पुढे आणून ठेवलाय म्हणाले आणि हसले. मैथिलीही हसली. पुढे डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यावरच्या साखळीला आकड्यांचं कुलूप होतं. ते उघडायला त्यांनी तिला उतरवलं. चष्मा विसरलो म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. तिने तो पाहिला. गेल्या महिन्यात त्यांनी यार्डात उभ्या असलेल्या ट्रॉलीला धक्का दिला होता, तोही तिने पाहिला होता. पण आत्ता तोंड उघडलं तर आजचा दिवस रद्द होणार आणि मॅनेजर विलास सामंत ही साइट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चढ लागल्यावर तर चाचांचे हात स्टिअरिंगवर इतके सहज फिरत होते की आपण उगाच शंका घेतोय, असं तिने स्वतःला समजावलं.

वरचं काम वेळेत झालं. दुपारी दोनला तिने टॉवरखाली उभं राहून विलासना फोन केला, बॅटऱ्या बदलल्या, सगळं सुरू आहे म्हणून सांगितलं. फोन लागायचा तो तिथेच. तेवढ्यात पूर्वेकडच्या शिखरामागून ढग वर येताना दिसले. ऑगस्टमध्ये दुपारच्या वेळी त्या डोंगरांवर ढग उठतात, कधी विरून जातात, कधी तासाभरात कोसळतात. घाट संपला की शेवटचा एक किलोमीटर वादीतून, म्हणजे कोरड्या नदीपात्रातून जावं लागायचं. वर पाऊस झाला की ते पात्र भरायचं. युसुफचाचांनी घाईघाईने हत्यारं मागे टाकली आणि यल्ला, चला, पाण्याच्या आधी खाली पोचू, एवढंच बोलले.

उतरताना मैथिली रिपोर्टसाठी काढलेले फोटो फोनवर बघत होती. चौथं वळण मागे पडलं आणि गाडी थांबली. हँडब्रेक करकरला. इंजिन चालूच होतं.

"मॅडम," युसुफचाचा म्हणाले, "माझ्या बाजूला खाली बघा आणि सांगा, चाकाच्या पलीकडे रस्ता किती आहे?"

अमिरातीत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि त्या टप्प्यावर दरीही डावीकडे होती. मैथिलीने त्यांच्या पुढून वाकून खिडकीबाहेर पाहिलं. चाकापलीकडे वीतभर खडी होती. त्यानंतर काही नव्हतं. फार खाली वादीचं पांढुरकं पात्र दिसत होतं.

"वीतभर. का?"

"मला दिसत नाहीये."

तिला वाटलं, उन्हामुळे म्हणत असतील. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, पण नजर काचेच्याही अलीकडे कुठेतरी थांबलेली होती. कपाळावरून घाम गालावर उतरला होता आणि तो पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंग घट्ट धरून होते.

मग त्यांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. डायबेटिसने डाव्या डोळ्याची नजर वर्षभरापूर्वीच गेली होती. गावी सुट्टीवर असताना इंजेक्शनं घेतली होती, फार उपयोग झाला नाही. उजव्या डोळ्यावर चाललं होतं. आज त्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. आधी धागे तरंगले, मग लाल धूर पसरला, आता नुसता अंधुक उजेड कळत होता. घरी बायको हव्वाबीलाच काय ते माहीत होतं. मुलाला, शाहबाजलाही नाही.

मैथिलीला पहिला विचार आला तो फोनचा. रेंज नव्हती. टॉवर चार किलोमीटर मागे, खड्या चढावर, आणि बाहेर चाळीसच्या वर तापमान. चालत गेलं तरी दीड तास, पोलिसांना यायला आणखी दोन-तीन. युसुफचाचा म्हणाले, तुम्ही वर जा, मी गाडीत बसतो. ते बोलत असताना टपावर टप्पकन काहीतरी आपटलं. मूठभर दगड होता, वरच्या घसरणीवरून आलेला. ढग अजून लांब होता, पण वारा सुटला होता आणि त्या उतारावरची सगळी खडी सैल होती. पावसाचे चार थेंब पडले तरी ती सुटणार होती. इथे थांबायचं नाही, हे दोघांनाही न बोलता कळलं.

"गिअरची गाडी येते?" त्यांनी विचारलं.

लायसन्स तिचं ऑटोमॅटिकचं होतं. गिअरची गाडी तिने पुण्यात कॉलेजात असताना बाबांची चालवली होती, तीही सपाट रस्त्यावर. तिने तसं सांगितलं.

"चालेल," ते म्हणाले. "पाय तुझे, डोळे तुझे. रस्ता मी सांगतो."

एवढा वेळ मॅडम म्हणणारे चाचा तिला पहिल्यांदाच तू म्हणाले. तिच्या ते नंतर लक्षात आलं.

जागा बदलणंही सोपं नव्हतं. डावीकडचं दार दरीत उघडत होतं. मैथिली उजवीकडून, डोंगराच्या बाजूने उतरली आणि दोन मोठे दगड उचलून पुढच्या चाकांना लावले. दगड तव्यासारखे तापलेले होते. मग युसुफचाचा गिअरच्या दांड्यावरून पाय ओढत उजव्या सीटवर आले आणि चाचपडत खाली उतरले. ती आत शिरून तशीच सरकत डावीकडे गेली. ते परत चढले. दार लावताना त्यांचा हात दोनदा हवेत फिरला.

त्यांनी तिला सांगितलं ते थोडक्यात असं. फोर-व्हीलचा छोटा लिव्हर लो वर आहे, तो तसाच ठेवायचा. पहिला गिअर. उतारावर क्लचला पाय लावायचा नाही, ब्रेक दाबून धरायचा नाही, तापला की तो सोडून देतो. गाडी इंजिनच्या जोरावर स्वतःच हळू उतरते, तिला उतरू द्यायचं. दरीकडे बघायचं नाही, जिथे जायचं तिथे बघायचं.

तिने दगड काढायला पुन्हा उतरून पुन्हा आत यावं लागेल म्हटलं. ते म्हणाले, इंचभर मागे घे, दगड सुटतील, मग दगडांना चुकवून उजवीकडून, डोंगराच्या कडेने काढ. इंचभर मागे घेताना गाडी आधी पुढे ढळली, दगडाला टेकली, मग गुरगुरत मागे आली. डाव्या चाकाखालची खडी खळखळ खाली गेली. चाचांनी खिडकीची काच खाली घेऊन हात बाहेर काढला आणि बोटं कड्याला लावून ठेवली. कडा बोटांना लागतो आहे तोवर आपण बरोबर आहोत, असं ते म्हणाले.

पाचवं वळण, सहावं वळण. ते आधी सांगायचे, आता उजवीकडे घराएवढा खडक येईल, तो संपला की लगेच पूर्ण डावीकडे वळव. खडक यायचा. ती सांगायची, आला, संपला. ते म्हणायचे, अजून नाही, एक गाडीभर पुढे, आता. एका ठिकाणी त्यांनी सांगितलेला बाभळीसारखा वाळका समरचा वृक्ष आलाच नाही. मैथिलीने गाडी थांबवली. झाड उन्मळून गेलेलं होतं, त्याच्या मुळांच्या जागी रस्त्याची कड गुडघाभर आत खचली होती. तिने तसं त्यांना सांगितलं.

"हे सकाळी नव्हतं?" तिने विचारलं.

"असेल," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

उजवीकडची चाकं डोंगराच्या उतारावर थोडी चढवून, गाडी तिरकी करून तिने तो भाग काढला. गाडी डावीकडे इतकी कलली की मागची टूलबॉक्स सरकून धाडकन आपटली. तिच्या तोंडून आवाज फुटला, पण पाय क्लचवर गेला नाही.

नववं वळण सगळ्यात वाईट होतं. तिथे गाडी एका दमात वळत नसे. नाक दरीकडे न्यायचं, मग रिव्हर्स घेत मागचा भाग कड्याला टेकवायचा, मग पुढे. युसुफचाचा म्हणाले, मी खाली उतरून पुढे कडेला उभा राहतो, पायाने कड चाचपतो, बोनेटवर हात मारला की थांब.

"नाही."

"बावीस वर्षं हेच करतोय मी."

"नाही चाचा. तुम्ही आत बसा."

आतापर्यंत ते सांगतील ते ती ऐकत आली होती. आता तिने हँडब्रेक ओढला, स्वतः उतरली आणि चाकांना दगड लावले. यावेळी दरी उजवीकडे होती, तिच्या बाजूला डोंगर. तिने वळणाची रुंदी पावलांनी मोजली. मग कडेपासून दोन हात अलीकडे एकेक दगड आणून ओळ मांडली. पुढची चाकं दगडाला टेकली की थांबायचं, एवढं सोपं करून ठेवलं. सहा दगड आणेपर्यंत तिचे तळवे सोलवटले. मागे पूर्वेला आता गडगडत होतं. शिखर दिसेनासं झालं होतं. त्यांच्यावर मात्र अजून ऊनच होतं.

चाकांचे दगड काढून ती गाडीत बसली, नाक बाहेर काढलं. बोनेटच्या पुढे नुसतं आकाश राहिलं. चाकं दगडांना टेकली. तिने रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं.

गाडी एक हिसका खाऊन पुढे गेली. दगडांच्या ओळीतला एक दगड कडेवरून गेला. त्याचे आपटण्याचे आवाज खाली खाली जात राहिले. मैथिलीने ब्रेक तळापर्यंत दाबून धरला होता.

"हँडब्रेक," युसुफचाचा शांतपणे म्हणाले. "आता चालू कर. क्लच अर्धा. इंजिनचा आवाज जड होतो ना, तिथे पाय थांबव. घाई नाही. अर्धा तास लागला तरी चालेल."

तिने चालू केलं. पाय थरथरतोय म्हणाली. थरथरू दे, ते म्हणाले. इंजिनचा आवाज जड झाला. आता हँडब्रेक सोड, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, एवढंच तिला आठवतं. गाडी कण्हत मागे सरकली, मागचा बंपर कड्यावर घासला. नाक वळलं आणि खालचा रस्ता काचेत आला.

उरलेली तीन वळणं तिने कशी घेतली ते तिला नंतर सांगता आलं नाही. चार वाजता ते वादीच्या काठावर आले. समोर पांढऱ्या गोट्यांचं रुंद, कोरडं पात्र होतं आणि त्यातून चाकोऱ्या जात होत्या. किलोमीटरभरावर डांबरी रस्ता आणि त्यावरून जाणारा एक ट्रकही दिसत होता. मैथिलीला रडू येत होतं. तिने गाडी पात्रात घातली आणि दुसरा गिअर टाकला. शंभरेक मीटर गेली असेल.

"इंजिन बंद कर," युसुफचाचा म्हणाले.

"पोचलोच चाचा, तो काय रस्ता—"

"बंद कर."

तिने बंद केलं. वारा होता, तापलेलं इंजिन टिकटिकत होतं. तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. चाचा मान खाली घालून बसले होते. मग ते म्हणाले, "मागे घे. वळवू नकोस, आलीस तशी सरळ मागे. आत्ता."

ती मागे वळून काचेतून बघत, गोट्यांवर उडत, इंजिन ओरडवत रिव्हर्समध्ये गेली. पात्राबाहेर चढून गाडी घाटाच्या पहिल्या सपाटीवर आली आणि मग तिला तो आवाज ऐकू आला. खडीचे डंपर रिकामे होत असावेत तसा. पात्राच्या वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. तपकिरी, फांद्या आणि गोटे ढकलत येणारी कंबरभर उंचीची भिंत होती ती. एक निळं प्लॅस्टिकचं पिंप त्यावर उड्या मारत होतं. मघाशी ते पात्रात थांबले होते ती जागा तिने बुडताना पाहिली. त्यांच्यावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

पाणी उतरायला अडीच तास लागले. दोघं गाडीच्या सावलीत बसले. मैथिलीने त्यांना पाण्याची बाटली हातात दिली, डब्यातली पोळी-भाजी दिली. ते थोडंसंच जेवले. मग आपणहून बोलू लागले.

"एक गोष्ट तुला सांगितली नाही. पहिला धागा दिसला तो दुसऱ्या वळणावर. मी थांबलो चौथ्यावर."

मैथिलीला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. दोन वळणं ती फोनवर फोटो बघत बसली होती आणि चाचा धड दिसत नसताना गाडी दरीच्या कडेने चालवत होते.

"का?"

वाटलं, जाईल, ते म्हणाले. मागे एकदा आपोआप निवळलं होतं. आणि थांबलो तर खलास, हे माहीत होतं. मग शाहबाजच्या शारजातल्या, रोल्लाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसायचं. नातीने आजोबाला विचारायचं, दादा, आर यू स्लीपिंग? या डोंगरात त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. ते सोडवेना.

"मी मेले असते," मैथिली म्हणाली.

"हो."

ती उठली आणि पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली. तिला इतका राग आला होता की त्यांच्या शेजारी बसवत नव्हतं. तिथे उभी असताना तिला यार्डचा खांब आठवला, खिशातला चष्मा आठवला. परत येऊन तिने तेही सांगून टाकलं, की तिला सकाळीच कळलं होतं आणि साइट जाईल म्हणून ती गप्प बसली होती. युसुफचाचांनी मान हलवली. दोघांनी एकमेकांना माफ वगैरे केलं नाही. पाणी उतरायची वाट बघत राहिले.

सातच्या सुमारास पात्रात गोटे दिसू लागले. तिने पायी जाऊन खोली पाहिली, मग गाडी पलीकडे काढली. रेंज येताच फोन वाजू लागले. तिने थेट हॉस्पिटल गाठलं. शाहबाज आणि हव्वाबी तिथे आले. हव्वाबी नवऱ्याच्या शर्टावरची धूळ झटकत राहिली. शाहबाज मैथिलीला थँक यू म्हणाला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी विलासनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ड्रायव्हरची तब्येत अचानक बिघडली, इंजिनिअरने प्रसंगावधान राखलं, असा रिपोर्ट दे, असं त्यांचं म्हणणं होतं. खोटं त्यात काही नव्हतं. क्लाएंट प्रश्न विचारणार नाही, युसुफचाचांची इतक्या वर्षांची नोकरी डागाशिवाय संपेल, तुझंही नाव होईल. मैथिलीने विचार करायला एक दिवस मागितला. रात्री नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, तूच ठरव.

तिने सगळं लिहिलं. वर्षभराचा डावा डोळा लिहिला, दुसरं वळण आणि चौथं वळण लिहिलं. स्वतःला सकाळी काय दिसलं होतं तेही लिहिलं. वर्षातून एकदा ड्रायव्हरचे डोळे तपासायचा नियम कागदावर होता आणि दोन वर्षांत कुणी तपासले नव्हते, हेही. विलास तिच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. तिला वॉर्निंग लेटर मिळालं, डोंगरावरच्या साइट सहा महिने बंद झाल्या. सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी झाली. त्यात अक्रमलाही चष्मा लागला.

युसुफचाचांचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याने पुन्हा माणसं ओळखू येऊ लागली, वाचता मात्र येईना. ऑक्टोबरमध्ये ते आणि हव्वाबी गावी गेले. जाण्याआधी मैथिली रोल्लाला भेटायला गेली तेव्हा ते आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. हव्वाबीने चहा दिला, थोडं थांब म्हणाली, मग दोघी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. दार उघडलं नाही.

जानेवारीत हर्णैहून फोन आला. मैथिली साइटवर होती, सपाटीवरच्याच. त्यांनी तिची चौकशी केली, कंपनीतली चौकशी केली. सकाळी बंदरावर एकटा जातो म्हणाले, मासळीचा लिलाव ऐकतो, बोली कुणाची ते आवाजावरून कळतं. मग म्हणाले,

"तू ते लिहिलंस याचा मला फार राग आला होता."

"माहीत आहे."

"अजून आहे थोडा," ते म्हणाले. "पण तुझ्या जागी माझी मुलगी असती आणि तिने हे लिहिलं नसतं, तर मी तिला काय म्हटलं असतं, ते कळत नाही."

मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते म्हणाले, बोटी आल्या वाटतं, ठेवतो. तिने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ टॉवरच्या सावलीत तशीच बसून राहिली.